तुलनेसाठी निरोगी माणूस हवा

मास्तर गाडी चालवायला शिकवायचे. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसून, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक ठेवून त्यांनी उभी हयात काढली होती. अर्ध्या गावाला त्यांनीच गाडी शिकवली, म्हणून अर्धं गाव त्यांना मास्तर म्हणायचं आणि उरलेलं अर्धं ऐकून ऐकून म्हणायचं. त्यांचा आवाज कधी चढत नसे. समोरून ट्रक अंगावर येत असला तरी "आता आपण जरा बाजूला सरकू या" एवढंच म्हणत.

हार्ट अटॅकही त्यांनी असाच घेतला. बँकेतल्या एका बाईंना रिव्हर्स शिकवत असताना छातीवर पोतं ठेवल्यासारखं झालं, घाम फुटला, डावा हात जड पडला. "गाडी कडेला घ्या. हँडब्रेक लावा. आता त्या समोरच्या दुकानात जाऊन अँब्युलन्स बोलवायला सांगा," असं त्यांनी बाईंना एकेक करून सांगितलं. बाईंनी सगळं बरोबर केलं. स्ट्रेचरवरून नेताना मास्तर त्यांना म्हणाले, "इंडिकेटर राहिला." ही गोष्ट बाई पुढे कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या.

हॉस्पिटलात त्यांची बंद झालेली रक्तवाहिनी उघडून आत जाळी बसवली आणि आठवड्याभरात घरी सोडलं.

घरी बायको होती. तिला गाव टेलरबाई म्हणायचं. ती पडदे शिवायची. पुढच्या खोलीत तिचं मशीन, कापडाचे तागे, कड्यांचे डबे. माप घ्यायला तीच जायची आणि शिडीवर चढून पडदे लावायलाही तीच, कारण दुसऱ्यांनी लावलेला पडदा तिला कधी सरळ दिसला नाही. मास्तर घरी आले त्या दिवसापासून तिने सगळं घर एकहाती ताब्यात घेतलं. बाजाराच्या पिशव्या तिच्या, पाण्याच्या बादल्या तिच्या, बँकेतल्या खेपा तिच्या. मास्तरांनी खुर्ची जरी सरकवली तरी आतून आवाज यायचा, "अहो, ठेवा ती खाली!"

घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. फिरून येताना दर वळणावर ती थांबायची आणि म्हणायची, "थांबा जरा. दम खा." मास्तर निमूटपणे थांबत. कठड्याला धरून ती उभी राहायची, आणि मास्तरांनी दुसऱ्यांदा खुणावल्याशिवाय वर निघायची नाही. खालच्या मजल्यावरची शेजारीण म्हणायची, "नवऱ्याला किती जपावं एखादीनं!"

दुसऱ्या शहरात असलेली लेक रोज संध्याकाळी फोन करायची. "आई, बाबांना फार बोलू देऊ नकोस. आई, बाबांना टीव्हीवरची मॅच बघू देऊ नकोस." आई कशी आहे हे विचारायचं तिला सुचलं नाही, आणि आईलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

महिन्याभराने दोघं तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी मास्तरांपुढे एक गोष्ट ठेवली. डॉक्टर म्हणजे पन्नाशीला आलेल्या एक बाई, भराभर बोलणाऱ्या, पेन सतत हरवणाऱ्या. त्यांचं एक संशोधन चालू होतं.

"हृदय म्हणजे नुसता पंप, असं सगळ्यांना वाटतं," त्या म्हणाल्या. "पण ते एक ग्रंथीसुद्धा आहे. त्याच्या भिंती ताणल्या गेल्या की ते स्वतः एक हार्मोन रक्तात सोडतं. ते हार्मोन किडनीला सांगतं, मीठ-पाणी बाहेर टाका. नसांना सांगतं, सैल व्हा. म्हणजे आपल्यावरचा भार आपणच हलका करून घ्यायचा प्रयत्न."

"म्हणजे तक्रार करतं," मास्तर म्हणाले.

"तसं म्हणा. व्यायाम केला की ते सगळ्यांच्यातच वाढतं. अटॅक येऊन गेलेल्यांच्यात किती वाढतं, आणि काही आठवडे रोज व्यायाम केल्यावर त्यात काय फरक पडतो, हे आम्ही बघतोय. तुम्ही आलात तर व्यायाम आमच्या नजरेखाली होईल. आणि नाही आलात तरी तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही."

मास्तरांना घरात बसून कंटाळा आला होता. ते लगेच हो म्हणाले. टेलरबाईंचा चेहरा पडला. "आधीच दुखावलेलं हृदय, त्याला सायकल मारायला लावणार?" त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. टेलरबाईंनी मान हलवली, पण त्यांना पटलं नव्हतं.

चाचणीची खोली लांबट होती. एका टोकाला जमिनीत पक्की केलेली सायकल, शेजारी ईसीजीचं यंत्र, भिंतीपाशी पलंग, आणि टेबलावर बर्फाच्या भांड्यात उभ्या केलेल्या काचेच्या नळ्या. मास्तरांना आधी अर्धा तास पडून राहायला लावलं. हातात सुई बसवून पहिलं रक्त घेतलं. मग छातीला वायरी लावून सायकलवर बसवलं. पायडल हळूहळू जड होत जाणार, जमेल तितकं मारायचं, शेवटाला पुन्हा रक्त घ्यायचं, असं ते होतं.

टेलरबाईंना दाराजवळच्या खुर्चीत बसायची परवानगी मिळाली होती. मास्तरांच्या कपाळावर घाम दिसला तशा त्या उठल्या. "पुरे झालं! अहो, उतरा!"

"मला काही होत नाहीये," मास्तर धापा टाकत म्हणाले.

"तोंड बघा स्वतःचं! लाल झालंय!" त्यांनी पुढे होऊन सायकलचा दांडाच धरला. यंत्रावर मास्तरांचे ठोके एकदम वर गेले, ते व्यायामाने की वैतागाने हे कुणालाच कळलं नाही. चाचणी फुकट गेली. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा झाली, टेलरबाईंना बाहेरच्या बाकावर बसवून. तेव्हा मास्तरांनी बऱ्यापैकी पायडल मारलं आणि हसत बाहेर आले. बाकावर टेलरबाई रडत होत्या.

डॉक्टर त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. त्यांच्या डोक्यात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे ही बाई अशीच घाबरलेली राहिली तर नवरा व्यायामाला टिकणार नाही. दुसरी त्यांच्या स्वतःच्या गरजेची होती. रुग्णांशी तुलना करायला त्याच वयाची निरोगी माणसं लागत, आणि ती मिळता मिळत नव्हती. कामाची माणसं वेळ काढत नसत, रिकामी माणसं सुईला घाबरत.

"तुम्हीच बसून बघता का सायकलवर?" त्यांनी विचारलं. "तुम्हाला कळेल, त्यात घाबरण्यासारखं काय आहे ते. आणि मला तुलनेसाठी एक निरोगी माणूस मिळेल. तुम्हाला काही आजार नाही ना?"

"मला?" टेलरबाई डोळे पुसत म्हणाल्या. "मला आजारी पडायला वेळ कुठाय?"

डॉक्टरांनी त्यांची छाती तपासली, रक्तदाब घेतला, ईसीजी काढला. सगळं ठीक दिसलं. दोन दिवसांनी टेलरबाई सायकलवर बसल्या. बसताना त्यांनी मास्तरांकडे असं पाहिलं, की आता बघा कसं मारतात पायडल.

सुरुवात जोरात झाली. पण मास्तर जिथे नुसते गरम होऊ लागले होते त्याच्याही अलीकडे टेलरबाईंचा श्वास लागला. त्यांनी दात आवळून आणखी थोडं रेटलं आणि एकाएकी पाय थांबवले. "हे यंत्रच घट्ट आहे," त्या म्हणाल्या. पुढचं बोलायला त्यांना बराच वेळ लागला. "आज तेल संपलंय बहुतेक त्याचं."

रक्त घेतलं, नळी बर्फात गेली. सवय नसली की असं होतं, असं डॉक्टर म्हणाल्या.

मास्तरांना मात्र हे आयतंच सापडलं. त्यांच्या त्या महिन्यातल्या आयुष्यात एवढा आनंद दुसऱ्या कशाने झाला नव्हता. "आजारी मी, आणि दम कुणाला लागला?" ते शेजारणीला सांगत, फोनवर लेकीला सांगत. "तुझ्या आईला मी हरवलं. अटॅक येऊन!" लेक हसायची. टेलरबाई मशीनवरून मान वर न करता म्हणायच्या, "तेल संपलं होतं त्याचं."

नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेत जात, त्यामुळे आकडे यायला वेळ लागायचा. मधल्या काळात मास्तर आठवड्यातून तीनदा व्यायामाला जाऊ लागले. मग एका सकाळी डॉक्टरांचा फोन आला. दोघांनीही आज यावं, शक्यतो लगेच.

निघताना टेलरबाईंनी पिशवीत मास्तरांचे कपडे, टॉवेल, चष्म्याची डबी भरून घेतली होती. ऑपरेशन निघालं तर धावपळ नको. आपल्याला बरं वाटतंय ते खोटं होतं, आतून हृदयाने भलतंच काही सांगितलेलं दिसतंय, असं मास्तर मनाशी धरून चालले होते.

डॉक्टरांनी दार लावून घेतलं.

"तुमचे आकडे चांगले आहेत," त्या मास्तरांना म्हणाल्या. "व्यायामाने हार्मोन वाढलं, जेवढं वाढावं असं वाटलं होतं तेवढंच. काळजीचं काही नाही." मग त्या टेलरबाईंकडे वळल्या. "मी तुमच्यासाठी बोलावलं. तुम्ही पडून असतानासुद्धा तुमचं हार्मोन जास्त होतं. सायकलवर तर ते यांच्या कितीतरी पट वर गेलं. आधी मला वाटलं नळ्यांची अदलाबदल झाली. मी पुन्हा मोजायला लावलं. आकडा तोच आला."

त्या क्षणी मास्तरांना सुटल्यासारखं वाटलं. आपलं नाही, एवढंच आधी डोक्यात आलं. दुसऱ्या क्षणी त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती मांडीवरच्या पिशवीचे बंद चाळवत होती.

"मी निरोगी आहे म्हणूनच घेतलं ना तुम्ही मला?" टेलरबाई म्हणाल्या.

"हो. आणि तिथे मीच चुकले. छातीला स्टेथोस्कोप लावला, पण मला काही ऐकू आलं नाही. आज पुन्हा बघू."

या वेळी डॉक्टरांनी त्यांना डाव्या कुशीवर झोपवलं आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. त्यानंतर सोनोग्राफीने हृदयाचं चित्र घेतलं. पडद्यावर एक पाकळीसारखी झडप हलत होती. ती पुरती उघडत नव्हती. लहानपणी कधीतरी ताप आला असेल, सांधे दुखले असतील, डॉक्टरांनी सांगितलं. त्या तापाने झडप जाड होत गेली आणि दार अर्धंच उघडू लागलं. रक्त मागे तुंबतं, वरचा कप्पा ताणला जातो, आणि तो ताणलेला कप्पा हार्मोन सोडत राहतो.

"जिने चढताना दम लागतो का?"

"वयच आहे ते," टेलरबाई म्हणाल्या.

दर वळणावर कठड्याला धरून उभी राहिलेली बायको मास्तरांना दिसत होती. ती आपल्यासाठी थांबते असं त्यांना वाटायचं. तिलाही तसंच वाटायचं, निदान ती तसं म्हणायची.

उपाय होता. मांडीतल्या शिरेतून नळी घालायची, टोकाला फुगा, तो झडपेत नेऊन फुगवायचा की झडप मोकळी होते. छाती उघडायची गरज नाही. फार थांबू नका, डॉक्टर म्हणाल्या.

घरी येऊन टेलरबाईंनी पिशवी रिकामी केली, कपडे कपाटात ठेवले आणि मशीन सुरू केलं.

"लेकीला सांगायचं नाही," त्या म्हणाल्या.

"का?"

"नाही म्हटलं ना. आणि ते फुग्याचं वगैरे आता नाही. तुम्ही पुरते बरे व्हा, मग बघू."

"मी बरा आहे. डॉक्टर म्हणाल्या, तू ऐकलंस."

"डॉक्टरांना माझ्या छातीतलं ऐकू आलं नव्हतं, हेही ऐकलं मी."

पुढचे काही आठवडे असेच गेले. मास्तरांनी बादली उचलली की त्या हिसकावून घेत, आणि मग बादली खाली ठेवून भिंतीला टेकत. मास्तर ओरडत नसत, त्यांना ते जमतही नव्हतं. त्यांनी चेष्टा मात्र बंद केली. फोनवर लेकीने एकदा विचारलं, "काय बाबा, पुन्हा शर्यत लावली की नाही आईशी?" तर त्यांनी हवापाण्याचा विषय काढला.

टेलरबाईंना भीती वाटत होती असं म्हणता येणार नाही. त्यांना राग आला होता. घरात एक आजारी आणि एक धडधाकट अशी वाटणी झाली होती आणि त्यांच्या वाट्याला जे आलं होतं ते त्यांनी मनापासून केलं होतं. आता कुणीतरी येऊन ती वाटणी चुकली म्हणत होतं.

अशात वाचनालयाचं काम आलं. वाचनकक्षाच्या उंच खिडक्यांना नवे पडदे हवे होते, जाड, अस्तराचे. शिवून झाले. लावायच्या दिवशी मास्तर म्हणाले, "मी येतो."

"तुम्ही काय करणार?"

"शिडी धरीन."

वाचनालयाला त्या दिवशी सुट्टी होती. मोकळ्या टेबलांमधून शिडी सरकवत त्यांनी पहिल्या दोन खिडक्या केल्या. तिसऱ्या खिडकीचा पडदा खांद्यावर घेऊन टेलरबाई वर चढल्या. त्यांनी दोन कड्या दांड्यात घातल्या, आणि तिसरी घालता घालता हात थांबला. पडदा त्यांच्या खांद्यावरून घसरला आणि मास्तरांच्या डोक्यावर येऊन पडला. मास्तरांनी तो बाजूला करून वर पाहिलं. टेलरबाईंनी शिडीला मिठी मारली होती. ओठ निळसर झाले होते. छाती भात्यासारखी चालत होती आणि तरी हवा पुरत नव्हती.

"अहो," त्या म्हणाल्या. एवढंच.

मास्तरांनी शिडी पायाने रेटून धरली. आयुष्यभर ज्या आवाजात ते बोलत आले होते त्याच आवाजात बोलले.

"ठीक आहे. आता काही करायचं नाही. हलायचं नाही. मी धरलंय."

"मला... उतरता..."

"उतरायचं नाहीच आहे आत्ता. घाई कुठे आहे? खिडकी काही पळून जात नाही. तोंडाने श्वास सोड. सोडायचा फक्त. घ्यायचा तो आपोआप येतो."

त्यांचा स्वतःचा ठोका कानात वाजत होता. डोक्यात दुसरंच काही येऊ नये म्हणून ते बोलत राहिले. तिचा श्वास जरा बसला तसं ते म्हणाले, "आता डावा पाय. फक्त डावा. खाली घे. बरोबर. थांब. आता उजवा त्याच पायरीवर आण. छान. आता पुन्हा थांबू या."

असं एकेक पायरी करत ती खाली आली. शेवटच्या पायरीवर मास्तरांनी तिला दोन्ही हातांनी धरून खाली घेतलं. उचललंच जवळजवळ. ते दोघं जमिनीवर पसरलेल्या पडद्यावर बसून राहिले.

"असं आधी झालंय?" मास्तरांनी विचारलं.

"एवढं नाही."

"म्हणजे झालंय."

टेलरबाईंनी पडद्याची चुणी बोटांनी सरळ केली. "मला कुणी काही सांगावं याची सवय नाही हो," त्या म्हणाल्या. "मी झोपून राहायचं आणि तुम्ही सगळं करायचं, ते मला बघवणार नाही."

"मला बघवत होतं का? तू पिशव्या उचलायचीस तेव्हा?"

"तुम्ही आजारी होतात."

"मग आता तू आहेस. तुला हवं तेवढं ओरड माझ्यावर. पण झोपून."

टेलरबाई हसल्या, आणि हसताना पुन्हा दम लागला म्हणून थांबल्या. तिथूनच मास्तरांनी डॉक्टरांना फोन केला, आणि नंतर लेकीला. लेक आधी चिडली, मग रडली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने निघाली.

फुग्याचं काम ठरल्याप्रमाणे झालं. मास्तर आणि लेक बाहेरच्या बाकावर बसले होते. मास्तरांचा एक पाय ब्रेकवर असल्यासारखा सारखा जमीन दाबत होता. डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांचा मास्क अजून हनुवटीला होता. झडप चांगली मोकळी झाली, त्या म्हणाल्या. कायमची दुरुस्ती म्हणता येणार नाही, पुढे कधीतरी बदलावी लागेल, पण बरीच वर्षं निघतील.

लेक महिनाभर राहिली. तिने आईला झोपवून ठेवायचा प्रयत्न केला आणि दुसऱ्याच आठवड्यात हार मानली. वाचनालयाचे उरलेले पडदे एका कामगाराने लावले. ते वाकडे आहेत, असं टेलरबाईंचं मत आहे. शिडीवर त्या पुन्हा चढू लागल्या, पण उशिरा. मास्तर अर्धा दिवस शिकवायला जाऊ लागले, उरलेला अर्धा घरात कुणी काय उचलायचं यावर वाद घालण्यात जाई. त्यात कधी एक जिंके, कधी दुसरा.

व्यायामाच्या खोलीत आता दोघंही जात. तिथे टेलरबाईंचं रक्त आणखी एकदा काढलं. हार्मोन उतरलं होतं.

संशोधन संपल्यावर डॉक्टरांनी दोघांना बोलावून त्याचा आलेख दाखवला. कागदावर ठिपकेच ठिपके होते, काही भरीव, काही पोकळ. भरीव म्हणजे अटॅक आलेले, पोकळ म्हणजे निरोगी. व्यायाम करत गेलं की भरीव ठिपके थोडे थोडे खाली सरकत होते.

"यातला मी कोणता?" मास्तरांनी विचारलं.

"ते मलाही सांगता येणार नाही. नावं काढून टाकलेली असतात."

मास्तरांनी चष्मा वर करून नीट पाहिलं आणि खालच्या बाजूचा एक बरासा ठिपका स्वतःसाठी निवडला. "हा मी," ते म्हणाले.

टेलरबाई वाकून पोकळ ठिपक्यांकडे पाहत होत्या. "आणि मी?"

"तुम्ही नाही यात," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्हाला वगळावं लागलं. निरोगींमध्ये धरता येईना, आणि अटॅकवाल्यांत तुम्ही बसत नव्हता."

"मग ते सगळं रक्त काढलंत ते?"

"या आलेखासाठी वाया गेलं," डॉक्टर म्हणाल्या.

टेलरबाईंनी मान डोलावली आणि पिशवी उचलली. मास्तरांनी दुसरा बंद धरला, आणि पिशवी दोघांमध्ये लोंबकळत दाराबाहेर गेली.